न मागता वाढलेलं ताट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी पंधरा मिनिटं कशाला? गोष्ट खरंच एवढीशी आहे. मोबाइलवर फेसबुकसारखं एखादं अ‍ॅप उघडलं, की आपण बोट न लावताच व्हिडिओ सुरू होतात. एक सरकवला की खालचा सुरू, तो सरकवला की त्याच्या खालचा. मलाही यात काही वावगं वाटत नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात आत्याकडे गेलो आणि या एवढ्याशा गोष्टीनं तिच्या घरात काय केलं, ते पाहिलं.

माझी आत्या राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ७४. आतोबा गेल्यापासून घरात एकटीच. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं तिला टचस्क्रीनचा मोबाइल घेऊन दिला आणि दर २८ दिवसांनी तो पुण्यातूनच त्यात रिचार्ज मारतो. पॅक लहान. बोलणं हवं तेवढं आणि २८ दिवसांना मिळून २ जीबी नेट. रविवारी सकाळी दहा वाजता नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढ्यापुरतं ते पुरेसं होतं. पडवीच्या एका कोपऱ्यात रेंज चांगली येते. तिथे खुर्ची टाकून आत्या साडेनऊपासूनच बसलेली असायची.

मी गेलो तो रविवारच होता. दहा वाजून गेले तरी आत्या स्वयंपाकघरातच. मी विचारलं, "आत्या, आज कॉल नाही का?" ती म्हणाली, "नाही रे, हल्ली साधाच फोन करतो तो. आवाज ऐकू येतो की!" मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याचे पुढचे दोन दात पडलेत म्हणे."

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. दोन-तीन महिने तिचं नेट नवव्या-दहाव्या दिवशीच संपत होतं. पहिला रविवार नीट जायचा, दुसऱ्या रविवारी नातवाचा चेहरा मध्येच थिजायचा आणि कॉल तुटायचा. मुलानं दोनदा वरून पैसे भरले. तिसऱ्यांदा तो वैतागला आणि म्हणाला, "आई, दिवसभर काय बघत बसतेस त्या फोनवर?" आत्यानं तेव्हापासून नेट बंदच करून टाकलं. नवा रिचार्ज होऊन चार दिवस झाले होते, तरी उघडलं नव्हतं. मला म्हणाली, "देवाशपथ सांगते, मी काही बघत नाही रे. दुपारी जरा आडवी झाले की गावातल्यांचे, नातेवाइकांचे फोटो वर-खाली करते, इतकंच. व्हिडिओ लावायचा कसा, तेसुद्धा मला येत नाही."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणि नेट तिच्याच फोनवर संपत होतं, हेही खरं होतं.

माझं आयुष्य दूरसंचार खात्यात गेलं, त्यामुळे हिशेब बघायची खोड जात नाही. तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराचं पान उघडलं. मागच्या महिन्यातल्या २ जीबीपैकी जवळजवळ १.७ जीबी एकट्या त्या फोटो-व्हिडिओच्या अ‍ॅपनं खाल्लं होतं. नातवाशी झालेल्या कॉलचे २०० एमबीसुद्धा भरत नव्हते. मग आम्ही प्रयोग केला. नेट सुरू केलं, आकडा कागदावर लिहिला आणि आत्याला म्हटलं, "आता रोजच्यासारखं पाच मिनिटं वर-खाली कर." तिनं केलं. कोणाच्या मुंजीचे फोटो, मध्येच कुणी भजी तळतंय, मग एक मांजर, मग साड्यांची जाहिरात. आवाज तिनं पार खाली केलेला, कारण दुपारच्या वेळी एकदम गाणं वाजून दचकायला होतं. चित्रं हलत होती, पण ती तिच्या लेखी फोटोच होते. पाच मिनिटांनी आकडा पाहिला, तर ४० एमबीच्या आसपास खर्च.

या हिशेबाचं गणित सोपं आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक धावणारी चित्रं. साध्या प्रतीच्या व्हिडिओला दर सेकंदाला सुमारे १ मेगाबिट माहिती लागते असं धरू. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून मिनिटाला साडेसात एमबी आणि तासाला ४५० एमबी. चित्र जास्त स्वच्छ असेल, तर याच्या दुप्पट-तिप्पट. उलट, अ‍ॅपमध्ये दिसणारा दाबून लहान केलेला फोटो साधारण शे-दोनशे केबीचा असतो. म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओच्या खर्चात चाळीस-पन्नास फोटो बघून होतात. आता आत्याचा पॅक घ्या. २ जीबी भागिले २८ दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम ७३ एमबी. न मागता चाललेल्या व्हिडिओंची दहा मिनिटं झाली, की तिचा दिवसाचा शिधा संपला. आणि ती दुपारी पंचवीस मिनिटं फोन बघत होती.

यात आणखी एक मेख आहे. आपण एक व्हिडिओ बघत असतो, तेव्हा पुढचा सरकवल्याबरोबर दिसावा म्हणून अ‍ॅप त्याचा काही भाग आधीच उतरवून ठेवतं. तुम्ही तो पाहिलात तर ठीक. नाही पाहिलात, फोन खाली ठेवून चहा टाकायला गेलात, तरी तेवढा डेटा गेलाच.

हे सगळं आलं कुठून? फेसबुकनं २०१३ सालच्या अखेरीस आपोआप चालणारे व्हिडिओ आणायला सुरुवात केली. ट्विटरनं २०१५ मध्ये तोच रस्ता धरला. कारण धंद्याचं आहे. हलणाऱ्या चित्राकडे डोळा आपसूक वळतो. माणूस थांबला की जाहिरात दिसते, आणि जाहिरात दिसली की पैसे मिळतात. फेसबुकनं तर तीन सेकंद चाललेला व्हिडिओ 'पाहिला' असं मोजायला सुरुवात केली. आत्या म्हणते, मी काही बघत नाही. कंपनीच्या वहीत मात्र तिनं दुपारभरात शंभर व्हिडिओ पाहिलेले असतात! २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये अनेकांना मोबाइलची फुगलेली बिलं आली, तेव्हा ग्राहकांना पैशाचा सल्ला देणाऱ्या एका नामांकित संकेतस्थळानं या व्हिडिओंबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्या वेळी तोडगा म्हणून एक सोय पुढे आली : व्हिडिओ फक्त वायफायवर आपोआप चालू द्या.

ही सोय तिकडे बरी आहे. घरोघरी वायफाय, बाहेर पडल्यावर तेवढं मोबाइलचं नेट. आपल्याकडे काय आहे? आपल्या देशातल्या इंटरनेट ग्राहकांपैकी शंभरातले नव्वदाहून अधिक मोबाइलच्या नेटवरच आहेत. आत्याच्या पडवीत वायफाय कुठून येणार?

इथे कुणी म्हणेल, आता नेट स्वस्त झालंय, कशाला एवढा हिशेब? म्हणणं चूक नाही. सरकारी आकडेवारीनुसार मार्च २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत होते आणि ग्राहक महिन्याला सरासरी ६२ एमबीच्या आसपास वापरत होता. म्हणजे आजच्या हिशेबात आठ मिनिटांचा व्हिडिओ! सप्टेंबर २०१६ मध्ये नवी कंपनी फुकट नेट घेऊन बाजारात उतरली आणि दर कोसळले. २०२४ पर्यंत सरासरी दर जीबीला दहा रुपयांच्या आत आला आणि सरासरी वापर महिन्याला २० जीबीच्या वर गेला. मध्यंतरी जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स आले आणि आपोआप चालणाऱ्या छोट्या व्हिडिओंचा पूर वाढतच गेला.

पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. नदीची सरासरी खोली गुडघाभर म्हणून उतरणारा बुडतो, तशातली गत. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्या वेळी एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २९९ रुपयांना झाला. एकूण ४२ जीबी, म्हणजे जीबीला सात रुपये. त्याच कंपनीचा २८ दिवसांना मिळून २ जीबी देणारा पॅक १८९ रुपयांना झाला. म्हणजे जीबीला साडेचौऱ्याण्णव. त्यात बोलण्याचेही पैसे आले, हे मान्य. तरी वाण्याच्या दुकानात जे होतं तेच इथे होतं. पोतं घेणाऱ्याला स्वस्त, पुडी बांधून नेणाऱ्याला महाग. रोज दोन-दोन जीबी असणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की मांजराच्या व्हिडिओवर ५० एमबी गेले. पुडीवाल्याचा मात्र आठवडा जातो.

आणि आपल्याकडे हा खर्च बिलात दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही. आपण बहुतेक सगळे आधी पैसे भरणारे, प्रीपेडवाले. कोटा संपला की जादा बिल येत नाही, वेग पडतो. बहुतेक योजनांत तो सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगानं २ एमबीची एक फाइल यायला चार मिनिटांहून जास्त लागतात. व्हिडिओ कॉल तर विसराच. म्हणजे किंमत पैशात न चुकवता अडचणीत चुकवायची. मुलीला परीक्षेचं हॉलतिकीट उतरवून घ्यायचंय आणि चक्र फिरतंय. रिक्षावाल्याला पत्ता शोधायचाय आणि नकाशा उघडत नाही. दवाखान्यातून रिपोर्टचा फोटो पाठवलाय, तो येत नाही. 'नेट संपलं' एवढंच आपण म्हणतो. कशानं संपलं, हे विचारत नाही.

आमच्या काळात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ होते, आठवत असतील तुम्हाला. काचेच्या खोलीत फोन आणि समोर लाल आकड्यांचं यंत्र. बोलणं सुरू असताना आपला अर्धा जीव त्या आकड्यांत असायचा. "बरं, ठेवतो, बिल वाढतंय," हे वाक्य महाराष्ट्रात किती कोटी वेळा बोललं गेलं असेल! त्यात कुचंबणा होती, पण किंमत डोळ्यांसमोर होती आणि रिसीव्हर आपल्या हातात होता. आज मोबाइलच्या पडद्यावर सगळं दिसतं, फक्त तो लाल आकडा दिसत नाही. तो पाच पानं आत, सेटिंग्जमध्ये दडलेला आहे.

नियम अगदी नाहीत असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१५ मध्ये ठरवून दिलं की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कंपनीनं त्याची डेटा सेवा सुरू करू नये आणि कोट्याचा ५०, ९० व १०० टक्के वापर झाला की त्याला तसं कळवावं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं आणखी सांगितलं की ज्यांना नेट नकोच आहे, त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅकही ठेवा. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण आत्याच्या फोनवर कोट्याचे संदेश आलेले मी पाहिले. ते इंग्रजीत होते आणि कर्जाच्या नि लॉटरीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. आणि नुसत्या बोलण्याचा पॅक तिला नको आहे. तिला नेट हवं आहे. थोडंसं, आणि तिच्या मनासारखं खर्च होणारं.

मला इथे खानावळ आठवते. ताट मर्यादित आहे, पैसे आधीच भरलेत. वाढपी न विचारता वाढत सुटतो. तुम्ही खाल्लं नाही तरी ते तुमच्या नावावर मांडलं जातं आणि तुम्हाला हवी ती पोळी मागितलीत, की सांगतो, "तुमचं ताट संपलं!" अशा खानावळीत आपण दुसऱ्यांदा जाऊ का? मोबाइलवर मात्र आपण यालाच 'सोय' म्हणतो. माझी मागणी फार मोठी नाही. व्हिडिओ जरूर असू द्या, त्यावर तो त्रिकोणही असू द्या. पण तो त्रिकोण दाबल्यावर व्हिडिओ चालावा. आज 'बंद कर' असं सांगण्याचं ओझं ग्राहकावर आहे, आणि तेही त्याला ती जागा सापडली तर. ते उलटं व्हायला हवं. ज्याला आपोआप हवं आहे, त्यानं तसं सांगावं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. जागा अधूनमधून बदलतात, पण शब्द साधारण हेच असतात.

पहिलं काम म्हणजे आधी बघा, नेट खातंय कोण. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराचं, म्हणजे 'डेटा युसेज'चं पान असतं. त्यात अ‍ॅपवार हिशेब मिळतो. तिथेच वापराची इशारा-मर्यादा ठरवता येते आणि 'डेटा सेव्हर' नावाचं बटण असतं. ते सुरू केलं की न उघडलेल्या अ‍ॅप्सचा मागच्या दारानं होणारा खर्च बराच आटोक्यात येतो.

दुसरं, फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'मीडिया' शोधा. त्यात 'ऑटोप्ले' आणि त्याखाली तीन पर्याय. वायफाय नसलेल्या घरात 'नेव्हर', म्हणजे कधीच नको, हा धरा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक इन फीड्स' बंद करा आणि एक संपल्यावर दुसरा लावणारं 'ऑटोप्ले'चं बटणही बंद करा. चित्राची प्रत कमी केलीत, तर छोट्या पडद्यावर फारसा फरक जाणवत नाही, डेटा मात्र निम्म्यावर येतो. इन्स्टाग्राममध्ये मोबाइल डेटा कमी वापरण्याची सोय आहे, ती चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' या पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करता येतं. सुप्रभातची फुलं मग तुम्ही दाबाल तेव्हाच उमलतील!

एक सांगून ठेवतो. रील्स आणि शॉर्ट्सच्या पानावर एकदा गेलात, की तिथे व्हिडिओ चालूच राहतात. ते पानच त्यासाठी आहे. तिथे जायचं की नाही, एवढंच आपल्या हातात.

आणि तिसरं, ज्यांची मुलं-नातवंडं फोन हाताळण्यात तरबेज आहेत, त्यांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन घेऊन देता, तेव्हा दहा मिनिटं बसून हे सगळं लावून द्या. नेट लवकर संपलं, तर आधी हिशेबाचं पान उघडा, मग बोला. 'काय बघत बसतेस' हे वाक्य फार लागतं. न केलेल्या गोष्टीचा आळ येतो, तो खोटा आहे हे सिद्ध करता येत नाही आणि मग ते माणूस फोनच बाजूला ठेवून देतं. आत्यानं तेच केलं होतं.

आत्याच्या फोनवर हे सगळं मी लावून दिलं आणि पुन्हा पाच मिनिटांचा प्रयोग केला. या वेळी मुंजीचे फोटो दिसले, भजीचा नि मांजराचा व्हिडिओ जागच्या जागी थांबून राहिला आणि खर्च झाला चार एमबी. आत्यानं कागदावरचे दोन्ही आकडे चष्मा लावून वाचले. म्हणाली, "म्हणजे आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असंच झालं की रे हे!" मग पुण्याला फोन लावून दोन्ही आकडे मुलाला वाचून दाखवले. तो पलीकडे काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आत्या एवढंच म्हणाली, "असू दे रे." आणि त्याच दिवशी, अकरा वाजून गेले होते तरी, पडवीत खुर्ची टाकली गेली. नातवानं पडद्याजवळ तोंड आणून आ केला. दोन दातांच्या जागी मोठी खिडक आणि एका बाजूनं नवा दात डोकावत होता.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. आवाजात काळजी. "अरे, उद्या पॅक संपतोय, आणि अजून पाव जीबी शिल्लक दाखवतोय. वाया जाणार का रे ते? काय करू त्याचं?"

मी म्हटलं, "आत्या, आता बघ तो मांजराचा व्हिडिओ. पण तू स्वतः लाव!"